लोखंडाची गोळी आणि पोटाची तक्रार



आडवळणाच्या एका खेड्यातील शाळेत मी काही कामानिमित्त गेलो होतो. दुपारची खिचडी नुकतीच आटोपली होती. गुरुजींनी आठवीच्या वर्गात निळ्या गोळ्या वाटल्या. मुलींनी त्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्याल्या आणि बाहेर पळाल्या. थोड्या वेळाने मी हात धुवायला शाळेच्या मागे गेलो, तो भिंतीच्या कडेला सीताफळीच्या झुडपाखाली मला निळे निळे ठिपके दिसले. वाकून पाहतो तर त्याच गोळ्या! काही ताज्या, काही विरघळून मातीत मिसळलेल्या.

जवळच एक मुलगी उभी होती. मी तिला हळूच विचारले, "का ग बाळ, गोळी का टाकलीस?" आधी ती लाजली. मग म्हणाली, "पोटात ढवळतं सर. आणि आई म्हणते, शौचाला काळं होतं म्हणजे गोळी आतून जाळते."

मी गुरुजींजवळ विषय काढला. ते हसून म्हणाले, "अहो, काही होत नाही. एकीनं म्हटलं की दुसरी म्हणते. सगळी नाटकं!"

आता सांगा मंडळी, यात खरे कोणाचे? त्या आईचे की गुरुजींचे? तुम्हांला नवल वाटेल, पण हा तंटा त्या शाळेपुरता नाही. गेली तीनशे वर्षे मोठमोठे डॉक्टर याच प्रश्नावर भांडत आले आहेत. कधी त्यांनी आईची बाजू घेतली, कधी गुरुजींची. आणि प्रत्येक वेळी एक बाजू धरताना दुसऱ्या बाजूचे सत्य हातातून निसटले. तोच इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

प्रथम आपल्या घरातलेच पाहू. अंगात रक्त कमी झाले म्हणजे माणूस पांढरा फटक पडतो, चार पायऱ्या चढला की धाप लागते, पायांत गोळे येतात. आपल्या वैद्यांनी या विकाराला पांडुरोग हे नाव दिले. चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला पाचवा माती खाल्ल्यामुळे होणारा. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचे पोपडे चोरून खाणारी मुले तुम्हां शिक्षकांच्या चांगल्या ओळखीची आहेत. आजचे वैद्यकही या सवयीचा आणि रक्तक्षयाचा संबंध मानते.

या पांडुरोगावर चरकाने जी औषधे सांगितली त्यांत लोखंड आहे. नवायस नावाचे चूर्ण घ्या. त्यात सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशी नऊ द्रव्ये, आणि त्या सर्वांच्या बरोबरीने नऊ भाग लोखंड. हे चाटण मधातुपातून घ्यायचे. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट. त्याची औषधे ताकाबरोबर देण्याची रीत. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या वैद्यांनी लोखंडाला पोटात एकटे पाठवले नाही. पाचक सुंठ-मिरी, कृमींवर वापरले जाणारे वावडिंग, कोठा साफ ठेवणारा हिरडा, अशी मंडळी त्याच्या सोबतीला दिली. लोखंड उपयोगी आहे पण ते पोटाला जड जाते, ही जाण त्या योजनेत दिसते.

आता युरोपकडे वळू. तिकडे वयात आलेल्या मुलींमध्ये एक आजार फार दिसे. चेहरा फिकट, किंचित हिरवट, अंगात त्राण नाही, अन्नावर वासना नाही. लोक त्याला हिरवा आजार म्हणत. १५५४ साली योहानेस लांगे या जर्मन वैद्याने या आजाराचे वर्णन करून त्यावर उपाय कोणता सांगितला असेल? मुलीचे लग्न लावून द्या! म्हणजे हा सल्ला देणारे शहाणे केवळ आपल्याच गावात आहेत असे नाही. वाढते वय, दर महिन्याचा रक्तस्राव आणि अपुरे अन्न यांमुळे मुलीच्या अंगातले लोह संपते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. तिचे लग्न लावून तिला लवकर बाळंतपणाला लावणे म्हणजे रिकाम्या कणगीतून आणखी पायली काढणे होय.

पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी, १६८० च्या आसपास, लंडनच्या टॉमस सिडनहॅम या नामांकित डॉक्टराने या मुलींना लोखंडाचा कीस किंवा लोखंडाचा कीस घालून मुरवलेली द्राक्षाची दारू द्यायला सुरुवात केली. नाडी भरते, चेहऱ्यावर लाली येते, असे त्याने लिहून ठेवले. पण असे का होते, ते त्याला सांगता येत नव्हते. लोखंड बळकट म्हणून माणूसही बळकट होतो, एवढाच त्या काळचा तर्क.

खरे कारण कळायला आणखी काही वर्षे जावी लागली. इटलीतील बोलोन्या शहरी व्हिन्चेन्झो मेंगिनी नावाचा वैद्य होता. त्याने रक्त वाळवले, जाळले आणि त्याच्या राखेजवळ लोहचुंबक नेला. राखेतले कण चुंबकाला चिकटले! रक्तात लोखंड आहे आणि ते रक्ताच्या तांबड्या भागात आहे, हे त्याने १७४६ साली मांडले. शिक्षकहो, विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. मोठ्या माणसाच्या सबंध अंगात मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे वजनाने एखाद्या लहानशा खिळ्याएवढे. त्याचा बराच मोठा वाटा रक्तात असतो. एवढ्याशा लोखंडावर आपला श्वास चालतो, कारण फुप्फुसातला प्राणवायू अंगभर वाहून नेण्याचे काम तेच करते.

यानंतर १८३२ साल आले. फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या काठी बोकेर नावाचे गाव आहे. तेथल्या प्येर ब्लो या डॉक्टराने हिराकस आणि पोटॅशचा क्षार एकत्र करून गोळ्या बनवल्या. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. पूर्वी काळी शाई करताना तो घालत, हे जुन्या माणसांना आठवत असेल. ब्लोच्या गोळ्यांनी हिरव्या आजाराच्या मुली खरोखर बऱ्या होऊ लागल्या. पुढची शंभर वर्षे या गोळ्या जगभर चालल्या. आज आपल्या शाळेत वाटली जाणारी गोळी ही त्याच गोळीची नात म्हटली तरी चालेल.

येथवर सारे ठीक. पण गोळी गाजली तशी तक्रारही गाजू लागली. कोणाला मळमळे, कोणाची छाती जळजळे, काहींना मलावरोध होई आणि शौच तर सगळ्यांचेच काळे. आता इथे खरा तंटा सुरू झाला.

१८८७ साली लंडनमधील सर अँड्र्यू क्लार्क यांनी गोष्टच उलटी करून टाकली. ते म्हणाले, या मुलींचा मूळ आजार मलावरोध हाच आहे. पोटात साचलेल्या घाणीचे विष रक्तात भिनते आणि रक्त बिघडते. तेव्हा आधी जुलाब द्या! अर्थात जुलाबाने रक्त काही वाढत नाही. पण पोट आणि रक्त यांचा काही संबंध आहे, हे त्यांच्या नजरेत आले होते.

याच सुमारास गुस्ताव फोन बुंगे या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने आणखी मोठा घाव घातला. तो म्हणाला, लोखंडाचा क्षार रक्तात शोषला जातच नाही. जे रक्तात जाते ते फक्त अन्नातले लोह. मग गोळीने मुली बऱ्या का होतात? तर आतड्यात जो गंधकाचा वायू असतो तो गोळीतले लोखंड स्वतःवर घेते आणि अन्नातले लोह त्याच्या तावडीतून वाचते. शौच काळे होते ते याच गंधकाशी झालेल्या संयोगामुळे. पाहा, यातला शेवटचा भाग खराच आहे. लोखंड आणि गंधक यांचा संयोग काळा असतो आणि शौचाचा रंग बदलण्यात त्याचा हात असतो. पण एक गोष्ट खरी निघाली म्हणून सगळेच खरे ठरत नाही.

बुंगेचे हे म्हणणे खोडून काढले ते राल्फ स्टॉकमन या स्कॉटिश डॉक्टराने, १८९३ साली. त्याची युक्ती इतकी सोपी आणि चोख आहे की आपल्या मुलांनी ती शिकावी. त्याने काही मुलींना लोखंड तोंडावाटे न देता कातडीखाली टोचून दिले. म्हणजे पोटातल्या वायूचा प्रश्नच उरला नाही. तरीही मुली बऱ्या झाल्या. काहींना त्याने असे लोखंड दिले, की ज्याचा गंधकाशी आधीच संयोग झालेला आहे, म्हणजे ते आणखी वायू शोषूच शकणार नाही. त्याही बऱ्या झाल्या. आणि काहींना गंधक शोषणारे पण लोखंड नसलेले औषध दिले. त्यांना गुण आला नाही. झाले, निकाल लागला! गोळीतले लोखंड रक्तात जाते, आणि त्यानेच रक्त वाढते.

तरी मंडळी, एकदा मनात बसलेला समज लवकर निघत नाही. 'क्षाराचे लोखंड निरुपयोगी आणि पोटाला अपायकारक' हा बुंगेचा विचार पुढेही बरीच वर्षे रेंगाळला. डॉक्टर फार थोड्या मात्रा देऊ लागले. रक्तापासून आणि अंड्यापासून केलेली महागडी टॉनिके खपू लागली. ज्यांना स्वस्त हिराकसाच्या गोळीने गुण आला असता अशा कितीतरी बायका फिकटच राहिल्या. पोटाच्या तक्रारीला भिऊन औषध सोडले, तर काय होते त्याचा हा पहिला धडा.

आता प्रश्न असा, की गोळी रक्तात जाते तर पोट का बिघडवते? याचे उत्तर १९३७ साली एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकन्स या इंग्लंडमधील दोन संशोधकांच्या कामातून उजेडात आले. त्यांनी दाखवले, की आपल्या शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्गच नाही. मीठ जास्त झाले तर मूत्रावाटे जाते. लोहाचे तसे नाही. एकदा रक्तात आले की ते घरचेच झाले. म्हणून शरीराने काय केले? जाण्याचे दार नाही, तर येण्याच्या दारावरच पहारेकरी बसवला. हे दार म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. तिथे मोजून मापून लोह आत घेतले जाते.

आपण फळ्यावर एक हिशेब मांडू. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. समजा त्यातला दहावा भाग आत गेला. म्हणजे ६ मिलिग्रॅम. उरलेले ५४ मिलिग्रॅम कुठे राहिले? ते राहिले पोटात आणि आतड्यात. मुलीला औषध म्हणून मिळाले सहा, आणि तिच्या आतड्यातून पाहुण्यासारखे फिरून बाहेर गेले चोपन्न! ज्याच्या अंगात लोह फार कमी आहे त्याचे दार जरा जास्त उघडते, हे खरे. पण मोठा हिस्सा बाहेरच राहतो. हा उरलेला हिस्सा जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराला चुरचुरतो. त्यातून मळमळ, जळजळ, कोणाला मलावरोध तर कोणाला पातळ शौच. तेव्हा त्या मुलीचे 'ढवळतं सर' हे नाटक नव्हते.

पण थांबा. गुरुजींच्या बाजूलाही थोडे सत्य आहे. १९५८ साली एडिंबरो येथील डॉक्टरांनी काहींना लोहाच्या आणि काहींना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. तक्रारी दोन्हीकडून आल्या. त्यावरून त्यांनी असे मत दिले, की ही कुरकुर बरीचशी मनाची आहे. नंतर १९६६ साली स्वीडनमधील संशोधकांनी रक्तदात्यांवर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. कोणती गोळी कोणाला दिली, हे देणारालाही ठाऊक नाही आणि घेणारालाही नाही, अशी व्यवस्था. खोटी गोळी घेणाऱ्यांत साधारण सात-आठांत एकाने पोटाची तक्रार केली. खरी गोळी घेणाऱ्यांत सुमारे चारांत एकाने. म्हणजे काही तक्रार भीतीने आणि ऐकीव गोष्टींनी येते, हे खरे. पण जवळजवळ तितकीच तक्रार लोखंडामुळे येते, हेही खरे. मळमळ आणि पोटातली कळ मात्रेबरोबर वाढते, असेही दिसले. २०१५ साली अशा ४३ प्रयोगांचा आणि त्यांतील ६,८३१ माणसांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हाही हिराकसाच्या गोळीने पोटाचा त्रास वाढतो हेच निघाले. म्हणून शिक्षक मित्रांनो, 'काही होत नाही' असे सांगू नका. मुलाला त्रास झाला की त्याचा गोळीवरचाच नव्हे, तुमच्या शब्दावरचाही विश्वास उडतो.

आता आपल्या मुंबईची एक हकीकत सांगतो. १९२८ च्या सुमारास ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना एक कठीण रक्तक्षय होत असे आणि त्याला लोखंडाने गुण येत नसे. बाईंनी त्यांचे खाणे पाहिले, घरची परिस्थिती पाहिली. निरनिराळे पदार्थ देऊन पाहता पाहता यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने या बाया बऱ्या होतात असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या पदार्थातले जे गुणकारी द्रव्य, ते पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. आज आपल्या गोळीत लोहाबरोबर जे फॉलिक आम्ल असते, त्याच्या शोधाचा पाया परळच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या दुःखात आहे. प्रत्येक पांढरा चेहरा लोखंडाने लाल होत नाही, हा धडाही त्यांनीच दिला.

आपल्या देशात १९७० साली गरोदर स्त्रिया आणि मुले यांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१८ पासून 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' या नावाने त्याला नवे रूप मिळाले. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी, गरोदर बाईला रोज एक लाल. शिवाय जंताचे औषध वर्षातून दोनदा. जंताचे हे औषध गौण समजू नका बरे का! अनवाणी पायांतून शिरणारे आकड्याचे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. गळक्या रांजणात पाणी भरून काय उपयोग?

इतके सगळे असूनही २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात निदान शंभर दिवस गोळ्या घेतलेल्या बाया शंभरांत ४४ आणि पूर्ण १८० दिवस घेतलेल्या फक्त २६. गोळ्यांचा पुरवठा, दवाखान्याचे अंतर, घरची कामे, अशी कारणे अनेक आहेत. पण सीताफळीखालच्या त्या निळ्या ठिपक्यांचाही त्यात वाटा आहे, हे विसरता येत नाही. रक्त कमी असलेली बाई बाळंतपणात थोड्याशा रक्तस्रावानेही दगावू शकते. त्या झुडपाखाली पडलेली गोळी म्हणजे पैशा-दोन पैशांचे नुकसान नव्हे.

अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत या इतिहासात दोन नवी प्रकरणे लिहिली गेली. पहिले त्या दारावरच्या पहारेकऱ्याचे. २००० सालाच्या आगेमागे हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य सापडले. ते यकृतात तयार होते. अंगात लोह आले की हे द्रव्य वाढते आणि आतड्याचे दार ओढून घेते. गोळी घेतली की साधारण एक दिवस दार अर्धवट मिटलेले राहते. त्यावर दुसरी गोळी टाकली तर तिचा आणखीच मोठा भाग पोटात पडून राहतो. २०१७ साली झुरिक येथे लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, रोज गोळी घेतली तेव्हा शंभरांतले सुमारे १६ भाग लोह शोषले गेले. एक दिवसाआड घेतली तेव्हा सुमारे २२. म्हणजे कमी घाईने जास्त लाभ. लवकर गुण यावा म्हणून दोन-दोन गोळ्या खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. रक्त त्या मानाने वाढत नाही, पोट मात्र बिघडते. पण म्हणून गरोदर भगिनींनी आपल्या मनाने रोजची गोळी एक दिवसाआड करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.

दुसरे प्रकरण आतड्यातल्या सूक्ष्म जंतूंचे. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते. त्यांत ताकादह्यात असतात तसले उपकारी जंतू असतात आणि उपद्रवीही असतात. दह्याच्या जातीच्या जंतूंना लोखंडाची फारशी गरज लागत नाही. उलट अनेक उपद्रवी जंतू लोखंडाचे हावरे. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचे एक द्रव्य असते, ते लोह घट्ट धरून ठेवते आणि उपद्रवी जंतूंच्या हाती लागू देत नाही. निसर्गाची ही शहाणी योजना आहे. २०१० साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशात शाळकरी मुलांना सहा महिने लोह घातलेली बिस्किटे दिली, तेव्हा त्यांच्या आतड्यात उपकारी जंतू घटले, दुसऱ्या जातीचे वाढले आणि आतड्याला सूज असल्याची खूण दिसली. २०१५ साली केनियातील तान्ह्या मुलांतही तसेच आढळले. जिथे पिण्याचे पाणी गढूळ आणि हगवण घरोघर, तिथे हा धोका जास्त. त्याआधी २००६ साली टांझानियातील पेम्बा बेटावरील मोठ्या प्रयोगात, हिवतापाच्या मुलखात सरसकट लोह दिल्याने काही लहान मुलांचे आजार बळावल्याचे दिसले होते.

याचा अर्थ गोळ्या फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. तसे केले तर आपण पुन्हा बुंगेच्याच वाटेने जाऊ. त्याचा अर्थ एवढाच, की लोखंड हे औषध आहे, खाऊ नव्हे. ते बेताने, वेळेवर आणि सोबतीने द्यावे. आणि गोळीच्या बरोबरीने गावचे पाणी शुद्ध हवे, शौचालय हवे, हिवतापाचा बंदोबस्त हवा. नाहीतर गोळी एकटी पडते. चरकाच्या नवायसातले लोखंडही एकटे नव्हते, हे आपण आरंभीच पाहिले.

आता शाळेत आणि घरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून हे भाषण पुरे करतो.

शाळेतली गोळी उपाशी पोटी देऊ नये, खिचडी झाल्यावर द्यावी. चघळू नये, भरपूर पाण्याबरोबर गिळावी. गोळीच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत, तेही तिथल्या भारतीय वंशाच्या गृहिणींवर केलेल्या प्रयोगांत, चहामुळे लोहाचे शोषण बरेच घटते असे दिसले होते. दूध आणि चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. उलट लिंबू, आवळा, पेरू यांची आंबट सोबत लोहाला आत शिरायला मदत करते. ताटात पालेभाजी, कडधान्ये आणि खात असाल तर मांस-मासळी असू द्या. भाकरीबरोबर लिंबाची फोड हे फार स्वस्त औषध आहे.

शौच काळे झाले तर भिऊ नये, ते न शोषलेल्या लोखंडाचे लक्षण आहे. मात्र गोळी चालू नसताना डांबरासारखे चिकट काळे शौच झाले, चक्कर आली, तर तडक दवाखाना गाठावा. तिथे आतून रक्त जात असण्याचा संभव असतो. ताप असेल, जुलाब चालू असतील, तर त्या दिवशी गोळी थांबवून आरोग्यसेविकेला किंवा आशाताईला विचारावे. सिकलसेल किंवा थॅलसेमिया असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच लोह द्यावे. बाजारात मिळणारी लोहभस्मेही जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आणि एक गोष्ट विसरू नका. या रंगीत गोळ्या लहान मुलांना गोड खाऊसारख्या दिसतात. मूठभर गोळ्या खाल्लेले पोर मरू शकते. जगात अशी पुष्कळ बालके दगावली आहेत. गोळ्यांची पट्टी कुलपात किंवा उंच फळीवर ठेवा. एखाद्या मुलाने गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला, तरी त्याला हसतेखेळते पाहून घरी बसू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या.

त्या शाळेतून निघताना मी गुरुजींना एवढेच म्हटले, "गुरुजी, पुढच्या वेळी गोळी देण्याआधी मुलांना विचारा, मागच्या वेळी कोणाच्या पोटात काय झालं?" गुरुजी म्हणाले, "विचारलं तर सगळीच हात वर करतील." मी म्हणालो, "करू द्यात. ज्याला खरंच होतं, तोही त्यांत असेल. त्याला लिंबाचं पाणी द्या, रात्री जेवणानंतर आईच्या हातून गोळी द्यायची सोय करा. त्यानेही भागलं नाही, तर आशाताईकडे पाठवा. पण विचारा."

काही महिन्यांनी त्यांचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, की पहिल्या दिवशी खरोखरच अर्ध्या वर्गाने हात वर केले. दुसऱ्या खेपेस सात जणांनी. तिसऱ्या खेपेस तिघींनी, आणि त्यांतली एक तीच होती, सीताफळीजवळची. तिला दवाखान्यात नेले, तपासले, तर पोटात जंत निघाले. आता ती गोळी घेते. झुडपाखाली पाहायला मी अधूनमधून जातो, असेही त्यांनी शेवटी लिहिले होते. तिथे आता निळे काही दिसत नाही.